भिक्खूची वाणी : मौन, अनुज्ञा आणि अधिकार

भिक्खूने केव्हा बोलावे, कोणासमोर बोलावे आणि कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो संघाच्या अस्तित्वाशीच निगडित आहे. धम्म हा शब्दांतून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आलेला आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतके तो केवळ मुखोद्गत होता. अशा परंपरेत ज्याच्या मुखी धम्म आहे त्याला बोलण्याचा अधिकार कधी प्राप्त होतो, याचा विचार पूर्वाचार्यांनी केला नसता तरच नवल होते. विनयपिटकात हा विचार ठिकठिकाणी आला आहे. परंतु तो एकत्र मांडून पाहण्याचा प्रयत्न मराठीत फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात तो करावा, असा आमचा हेतू आहे.

या प्रश्नाला आजच्या महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यात, एक निकडीचे रूप आले आहे. बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावांचा विचार करावा. अशा गावांतून विहार उभे राहिले, बुद्धरूपाची प्रतिष्ठापना झाली, पौर्णिमेला वंदना होऊ लागली. पण विहारात कायम वास्तव्य करणारा भिक्खू क्वचितच आढळतो. म्हणून चीवर धारण केलेली एखादी व्यक्ती गावात आली की उपासक तिला तत्काळ धम्मासनावर बसवितात. ती व्यक्ती दहा दिवसांच्या शिबिरातील श्रामणेर आहे की वीस वर्षावास पूर्ण केलेली स्थविर आहे, याची चौकशी सहसा होत नाही. उलटपक्षी काही अभ्यासू मंडळी म्हणतात की, पाली भाषा व त्रिपिटक यांचे संपूर्ण अध्ययन होईपर्यंत भिक्खूने तोंड उघडू नये. पहिल्या मतानुसार चीवर म्हणजेच वाणी. दुसऱ्या मतानुसार पांडित्य म्हणजेच वाणी. ही दोन्ही मते विनयाला धरून नाहीत, असे आम्हांस वाटते.

वाणी हे ऋद्धिबळ आहे काय?

प्रथम एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे आवश्यक आहे. साधनेच्या एका विशिष्ट पायरीवर भिक्खूला संवादाची अलौकिक शक्ती एकाएकी प्राप्त होते, मग तो कोणतीही भाषा जाणतो, कोणाचेही मन ओळखतो, अशी कल्पना बौद्ध देशांतील कथावाङ्मयात आहे आणि आपल्याकडील भाविकांतही ती आढळते. या कल्पनेला पाली वाङ्मयात काहीच आधार नाही असे म्हणता येणार नाही. दिव्य श्रोत्र व परचित्तज्ञान यांची गणना अभिज्ञांमध्ये केलेली आहे. अर्थ, धम्म, निरुक्ती व प्रतिभान या चार प्रतिसंविदांपैकी निरुक्ती-प्रतिसंविदा ही भाषेच्या ज्ञानाशीच संबंधित आहे, आणि या प्रतिसंविदा प्राप्त झालेल्यांमध्ये महाकोट्ठित स्थविरांना अंगुत्तर निकायात अग्रस्थान दिले आहे.

परंतु तथागतांनी या शक्तींना कोणते स्थान दिले, हे दीघ निकायातील केवट्ट सुत्तावरून स्पष्ट होते. नालंदेचा गृहपतिपुत्र केवट्ट भगवंतांना विनंती करतो की, एखाद्या भिक्खूकरवी लोकांना चमत्कार दाखवावा, म्हणजे नालंदेची श्रद्धा वाढेल. भगवंत तीन प्रातिहार्यांचा उल्लेख करतात : ऋद्धीचे, दुसऱ्याचे मन सांगण्याचे आणि अनुशासनाचे, म्हणजे उपदेशाचे. पहिल्या दोहोंविषयी ते आपली नापसंती व्यक्त करतात, कारण श्रद्धाहीन माणूस त्यांना कुठली तरी मंत्रविद्या समजेल. खरे प्रातिहार्य तिसरे. माणसाने दुसऱ्या माणसाला समजेल अशा रीतीने काय विचारात घ्यावे, काय सोडावे व काय अंगीकारावे हे सांगणे, हाच बुद्धशासनातील चमत्कार होय. चुल्लवग्गात पिंडोल भारद्वाजाने आकाशातून चंदनाचे पात्र आणून दाखविल्याचा प्रसंग आहे. तेव्हाही भगवंतांनी गृहस्थांसमोर ऋद्धिप्रदर्शन करण्यास मनाई केली. चार पाराजिकांपैकी चौथे पाराजिक तर केवळ शब्दांनी घडणारे आहे : जी लोकोत्तर अवस्था आपणास प्राप्त नाही तिचा जाणूनबुजून दावा करणे. चोरी व मनुष्यवध यांच्या पंक्तीला हा वाचिक अपराध बसविला आहे, यावरून भिक्खूच्या शब्दाची किंमत संघाने किती मोठी मानली होती हे ध्यानात येते.

तात्पर्य, वाणी ही वरून मिळणारी देणगी नव्हे. ती शिकावी लागते, आणि ती वापरण्याची अनुज्ञा क्रमाक्रमाने मिळते. हा क्रम कोणता, ते आता पाहू.

पहिला दिवस : अस्सजी

सारनाथ येथे साठ भिक्खू अर्हत झाल्यावर भगवंतांनी त्यांना बहुजनांच्या हितासाठी चारिका करण्यास पाठविले आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगितले. महावग्गातील हा प्रसंग सर्वश्रुत आहे. यावरून कोणी म्हणेल की, प्रारंभी कोणताही कालावधी नव्हता. बोलण्याचा अधिकार तत्काळ होता. पण हे साठही जण अर्हत होते, हे विसरता कामा नये.

याहून बोधप्रद प्रसंग अस्सजींचा आहे. राजगृहात भिक्षाटन करणाऱ्या अस्सजींची शांत मुद्रा पाहून परिव्राजक सारिपुत्त त्यांच्या मागोमाग गेले. त्यांनी लगेच प्रश्न विचारला नाही. भिक्षाटन संपेपर्यंत ते थांबले. अस्सजी म्हणाले की, आपण नवीन आहोत, नुकतेच प्रव्रजित झालो आहोत, विस्ताराने धम्म सांगण्यास आपण समर्थ नाही. केवळ सार सांगू शकू. सारिपुत्तांना तेवढेच हवे होते. कार्यकारणभावाविषयीची एक गाथा अस्सजींनी सांगितली आणि ती ऐकताच सारिपुत्तांना धम्मचक्षू प्राप्त झाले. संघाच्या इतिहासातील हे कदाचित सर्वांत छोटे प्रवचन असेल. त्यातून बुद्धशासनाला धम्मसेनापती मिळाला.

या प्रसंगात तीन गोष्टी आहेत. अस्सजींचे आचरण त्यांच्या शब्दांच्या आधी बोलले. त्यांनी आपली मर्यादा प्रथम सांगितली. आणि जे ठाऊक होते ते त्यांनी दडवून ठेवले नाही. म्हणजे ज्ञात असलेले, विचारल्यावर, मर्यादेसह सांगणे, यासाठी वर्षांची अट कधीच नव्हती. पंडित होईपर्यंत मौन पाळावे, या मताला येथेच उत्तर मिळते.

मौनाचा निषेध

मौन हाच भिक्खूचा अलंकार होय, असे मानणाऱ्यांनी महावग्गातील आणखी दोन प्रसंग पाहावेत. अन्य तीर्थिक परिव्राजक पक्षाच्या अष्टमीला, चतुर्दशीला व पंचदशीला एकत्र जमून धर्म सांगत असत. लोक तो ऐकण्यास जात व त्यांच्याविषयी त्यांच्या मनात आपुलकी निर्माण होई. हे पाहून राजा बिंबिसाराने भगवंतांना सुचविले की, आपल्या संघानेही त्या तिथींना एकत्र जमावे. भगवंतांनी अनुज्ञा दिली. भिक्खू जमले, पण गप्प बसून राहिले. लोक धम्म ऐकण्याच्या आशेने आले आणि रिकाम्या कानांनी परतले; त्यांनी या मुक्या सभेची फार कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. तेव्हा भगवंतांनी त्या तिथींना धम्मभाषणाची अनुज्ञा दिली. म्हणजे उपोसथाच्या दिवशी भिक्खूने बोलावे ही प्रथाच उपासकांच्या तक्रारीतून निर्माण झाली. आमच्या गावात भन्ते येतात पण काही सांगत नाहीत, असे दिंद्रुडच्या किंवा अन्य कोणत्याही गावच्या उपासकाने म्हटले, तर तो उद्धटपणा नव्हे. ती राजगृहाच्या नागरिकांपासून चालत आलेली रास्त मागणी आहे.

दुसरा प्रसंग कोसल देशातील. काही भिक्खूंनी वर्षावासात आपसांत तंटा होऊ नये म्हणून तीन महिने एकमेकांशी मुळीच न बोलण्याचे ठरविले. वर्षावास सुखाने पार पडला, असे त्यांनी भगवंतांना मोठ्या समाधानाने सांगितले. भगवंतांनी त्यांची प्रशंसा केली नाही. हे पशूंसारखे एकत्र राहणे झाले, असे सांगून त्यांनी मूकव्रताचा निषेध केला आणि त्याच्या जागी प्रवारणा घालून दिली. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने संघासमोर उकिडवे बसून, हात जोडून, माझ्याविषयी काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा शंका आली असेल तर करुणेने सांगावे, अशी विनंती करावयाची. हा विधी ज्येष्ठतम स्थविरापासून सुरू होतो, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. वीस वर्षांचा स्थविरही प्रथम दुसऱ्याला बोलण्याची संधी देतो, मग नवदीक्षित. संघातील वाणीचा पाया उपदेश देण्यात नसून उपदेश ऐकून घेण्यात आहे, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

पाच, दहा आणि वीस वर्षे

आता अधिकाराच्या पायऱ्या पाहू. उपसंपदेनंतर भिक्खूने उपाध्यायाच्या वा आचार्याच्या आश्रयाने राहावे, यास निस्सय म्हणतात. प्रारंभी हा काळ दहा वर्षांचा होता. पुढे जो व्यक्त, म्हणजे सुविद्य, व समर्थ आहे त्याच्यासाठी तो पाच वर्षांवर आणला. जो अव्यक्त आहे त्याने मात्र आयुष्यभर आश्रयाने राहावे, असे ठरले. म्हणजे नुसत्या वर्षांच्या गणनेने स्वातंत्र्य मिळत नाही.

स्वतः शिष्य करण्यासाठी दहा वर्षांची अट आहे. तिच्या मुळाशी उपसेन वंगंतपुत्ताची कथा आहे. उपसंपदेला एकच वर्ष झाले असता त्याने दुसऱ्यास उपसंपदा दिली आणि वर्षावासानंतर त्या शिष्याला घेऊन तो भगवंतांच्या दर्शनास आला. गुरूला दोन वर्षे, शिष्याला एक. ज्याला अद्याप दुसऱ्याकडून शिकावयाचे आहे त्याने दुसऱ्यास शिकविण्याचा भार घ्यावा, हे भगवंतांना रुचले नाही. दहा वर्षांचा नियम झाला. पण लवकरच दहा वर्षे झालेले अज्ञ भिक्खूही उपाध्याय होऊ लागले, आणि शिष्य शहाणा व गुरू अडाणी असे दृश्य दिसू लागले. तेव्हा दहा वर्षांबरोबर सुविद्यता व सामर्थ्य यांची जोड देण्यात आली. एकाच नियमाच्या या दोन टप्प्यांत काळ आणि योग्यता या दोहोंची सांगड कशी पडत गेली, हे स्पष्ट दिसते.

सर्वांत कठोर अट भिक्खुणीसंघाला ओवाद देणाऱ्या भिक्खूसाठी आहे. संघाने त्याला रीतसर संमती दिली पाहिजे आणि त्याच्या ठायी आठ गुण हवेत. शील, बहुश्रुतता, दोन्ही पातिमोक्खांचे ज्ञान, उत्तम वाणी, समजावून सांगण्याचे सामर्थ्य, भिक्खुणींमध्ये तो बहुशः प्रिय असणे, पूर्वी गंभीर दोष न घडलेला असणे आणि उपसंपदेला वीस किंवा अधिक वर्षे झालेली असणे, असे ते गुण होत. ऐकणाऱ्यांची पसंती ही येथे अधिकृत अट आहे, हे विसरता येत नाही. अर्थात उपदेश केवळ पुरुषांकडूनच यावा असे बुद्धशासनाने मानलेले नाही; धम्मकथिक भिक्खुणींमध्ये धम्मदिन्नेला अग्रस्थान दिलेले आहे, आणि तिच्या पूर्वाश्रमीच्या पतीने, विशाख उपासकाने, विचारलेल्या प्रश्नांना तिने दिलेली उत्तरे मज्झिम निकायात समाविष्ट आहेत.

याच ओवादाच्या संदर्भात चुल्लपंथकाचा प्रसंग येतो. अट्ठकथेनुसार चार महिन्यांत एक गाथाही ज्याला पाठ झाली नाही तो हा भिक्खू. त्याची ओवाद देण्याची पाळी आली, तेव्हा आज हा तीच ती गाथा पुन्हा म्हणेल, असे भिक्खुणी आपसांत बोलल्या. तसेच झाले; परंतु त्यांचे बोलणे कानी पडल्यावर त्याने आपल्या साधनेचे सामर्थ्य प्रकट केले आणि सभा सूर्यास्तापर्यंत चालली. नगराचे दरवाजे बंद झाले, भिक्खुणींना रात्र बाहेर काढावी लागली, लोकापवाद झाला. मग नियम झाला की, सूर्यास्तानंतर ओवाद देऊ नये. मंदबुद्धी म्हणून हिणवलेल्याची वाणी प्रभावी ठरली, तरी तिलाही वेळेची मर्यादा लागू झाली. रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपकावर चालणाऱ्या आमच्या कार्यक्रमांनी याचा विचार करावा.

पठणाचा अधिकार मात्र निराळा. अवंतीतील सोण कुटिकण्णाची उपसंपदा होऊन एकच वर्ष झाले होते. तो श्रावस्तीला आला तेव्हा भगवंतांनी त्याला धम्म म्हणावयास सांगितले. त्याने अट्ठकवग्ग सुस्वर म्हणून दाखविला आणि भगवंतांनी त्याची प्रशंसा केली. उपसेनाचे एक वर्ष आणि सोणाचे एक वर्ष यांची तुलना करावी. एकाने शिष्य केला म्हणून तो दोषी ठरला. दुसऱ्याने शिकलेले शुद्ध म्हणून दाखविले म्हणून तो गौरविला गेला. सांगणे, म्हणणे, स्वतंत्र राहणे, शिष्य करणे आणि ओवाद देणे या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. विनयाने त्यांची गल्लत केली नाही. आम्ही आज ती करतो.

कोणत्या भाषेत?

अधिकार मिळाला तरी भाषेचा प्रश्न उरतोच. चुल्लवग्गात यमेळु व तेकुल या दोन भावांची कथा आहे. ते ब्राह्मण कुळात जन्मलेले व सुस्वर होते. नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे लोक भिक्खू झाले असून ते आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवीत आहेत, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून बुद्धवचन छंदस् मध्ये आणावे, असे त्यांनी सुचविले. भगवंतांनी त्यांची निर्भर्त्सना करून तसे करण्यास मनाई केली आणि आपल्या निरुक्तीत बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. ही ‘आपली’ निरुक्ती म्हणजे मागधी, असा अर्थ आचार्य बुद्धघोषांनी केला; अनेक आधुनिक अभ्यासक मात्र प्रत्येकाची स्वतःची बोली, असा अर्थ करतात. आम्ही दुसऱ्या अर्थाकडे झुकतो, कारण तक्रारीतच निरनिराळ्या जातिगोत्रांच्या बोलींचा उल्लेख आहे आणि उत्तर त्या तक्रारीला दिलेले आहे. भाषेच्या शुद्धतेचा आग्रह येथे जातीच्या शुद्धतेशी जोडलेला आहे, हे मराठी वाचकास वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दक्षिणापथ व महाराष्ट्र

आमच्या प्रदेशाचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. सोणाला उपसंपदा मिळण्यास तीन वर्षे लागली, कारण अवंती-दक्षिणापथात भिक्खूंची संख्या अत्यल्प होती आणि आवश्यक दहा भिक्खू एकत्र आणणे महाकच्चान स्थविरांना महत्प्रयासाने साधले. हे कळल्यावर भगवंतांनी सीमावर्ती प्रदेशांसाठी विनयधरासह पाच भिक्खूंचा गण पुरेसा मानला. संख्येची अट शिथिल झाली. विनयाच्या जाणकाराची अट शिथिल झाली नाही.

सूनापरंतात जाण्यास निघालेल्या पुण्णाची कथा मज्झिम निकायात आहे. अट्ठकथेत त्या प्रदेशाचा संबंध सुप्पारकाशी, म्हणजे सोपाऱ्याशी, जोडलेला आहे. तेथील लोक चंड स्वभावाचे आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील, हातांनी मारले तर, दगडांनी मारले तर, शस्त्राने मारले तर, असे प्रश्न भगवंतांनी विचारले. पुण्णाची परीक्षा झाली ती अशी. त्याला किती सुत्ते पाठ आहेत, त्याचा आवाज कसा आहे, तेथील बोली त्याला येते की नाही, यांपैकी काहीही विचारले गेले नाही. क्षमा आहे एवढे सिद्ध झाल्यावर त्याला जाण्याची अनुज्ञा मिळाली, आणि त्या एकाच वर्षावासात त्याने पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात आणल्याचे सुत्तात सांगितले आहे.

महावंसानुसार तिसऱ्या संगीतीनंतर महाधम्मरक्खित स्थविर महारट्ठात आले. सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला व नवव्याचा तुकडा १९५६ साली सापडला. त्यानंतरच्या शतकांतील लेण्यांमधील शिलालेख प्रामुख्याने प्राकृतात, म्हणजे लोकांच्या भाषेत, कोरलेले आहेत. कार्ले येथील चैत्यगृहात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धम्मुत्तरीय भाणकाने स्तंभाचे दान दिल्याचा लेख आहे. भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत करून ते म्हणून दाखविणारा. धम्म सांगणे हे संघात एक प्रतिष्ठित कार्य होते आणि त्याचा नामनिर्देश दगडात कोरण्याइतका गौरव होता, हे या लेखावरून कळते. पितळखोरे येथे पैठणच्या गंधिकाचे दान आहे. सांचीच्या दानलेखांत भोगवर्धनाचे, म्हणजे भोकरदनचे, दाते आहेत. गोदावरीच्या खोऱ्यातील सामान्य व्यापारी व कारागीर यांच्यापर्यंत धम्म पोहोचला होता तो अशा बोलणाऱ्यांमुळेच. सातव्या शतकात युआन च्वांग महाराष्ट्रात आला तेव्हा येथे सुमारे शंभर संघाराम व पाच हजार भिक्खू असल्याचे त्याने नोंदविले.

मग ही वाणी लोपली. तिच्या लोपाची कारणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तिचे मराठीतील पुनरुज्जीवन गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी केले. १९०२ साली सिलोनमध्ये प्रव्रज्या घेऊन, पाली शिकून, ते परतले आणि ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बौद्ध संघाचा परिचय’, ‘भगवान बुद्ध’ अशा ग्रंथांतून त्यांनी बुद्धवचन मराठी वाचकांसमोर मांडले. प्रथम शिक्षण, मग वाणी, हा क्रम त्यांनी स्वतःच्या आयुष्यात पाळलेला दिसतो.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी कुशीनाऱ्याच्या महास्थविर ऊ चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर जमलेल्या लक्षावधी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा स्वतः मराठीत दिल्या. या घटनेचा आमच्या विषयाशी असलेला संबंध पुरेसा ध्यानात घेतला जात नाही. त्रिशरण देणारे भिक्खू ब्रह्मी होते. धम्म समजावून सांगणारी वाणी उपासकाची व मराठी होती. अवघ्या सात आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, ती वाणी थांबली. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सत्तावीस लाखांहून अधिक बौद्ध नोंदविले गेले. एवढ्या समाजाला मराठीत धम्म सांगणारे भिक्खू नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांच्यासारख्या विद्वानांनी महाराष्ट्रात अथक कार्य केले, परंतु त्यांची भाषा हिंदी होती.

बाबासाहेबांना ही उणीव अगोदरच दिसलेली होती. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या निबंधात त्यांनी भिक्खूंची संख्या व त्यांची विद्या आणि सेवा यांतील तफावतीवर बोट ठेवले होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आरंभीही, भिक्खू हा केवळ परिपूर्ण मानव व्हावयाचा की समाजसेवक, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आहे. याच १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे मिलिंदाचे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन, म्हणजे उत्तर देणाऱ्या भिक्खूचे. मराठवाडा तेव्हा निजामी राजवटीतून नुकताच मुक्त झाला होता. बीडसारख्या जिल्ह्यातील दलित विद्यार्थ्याला उच्च शिक्षणाची वाट याच ठिकाणी सापडली. प्रश्न विचारण्याचे शिक्षण आधी, उत्तर देण्याचे मागाहून, असा या नामकरणाचा अर्थ आम्हांस दिसतो.

भिक्खूंची उणीव इतरांनी भरून काढली. १९५५ साली स्थापन झालेल्या भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य, शाळामास्तर, वामनदादा कर्डकांसारखे लोककवी, वर्षावासात बाबासाहेबांचा ग्रंथ मोठ्याने वाचणारे उपासक आणि जात्यावरच्या ओव्यांत बुद्ध-भीमांचे नाव गुंफणाऱ्या माता, या सर्वांनी धम्म जिवंत ठेवला. त्यांचे ऋण मोठे आहे. धम्म लांबलचक ताना घेऊन गाऊ नये, हा चुल्लवग्गातील नियम भिक्खूंसाठी आहे. गायकांना तो लागू नाही, आणि गायकाची शैली भिक्खूने उचलावी असाही त्याचा अर्थ नाही.

आजचे कर्तव्य

या इतिहासावरून दिंद्रुडसारख्या गावाने काय घ्यावे? बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्या काळात विहारात म्हातारी माणसे व कुलूप एवढेच उरते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने मात्र माणसे गावात असतात. ज्या वर्षावासाची योजना पावसामुळे झाली, तोच आज ऊसतोड कामगाराला धम्म ऐकण्याचा एकमेव अवसर आहे. त्या तीन महिन्यांत जो भिक्खू गावात राहील त्याच्याकडून आपण काय मागावे, हे उपासकांनी आधी ठरविले पाहिजे.

श्रामणेराकडून अस्सजीची अपेक्षा करावी : ठाऊक आहे तेवढे, मर्यादा सांगून, थोडक्यात. नवदीक्षित भिक्खूकडून सोणाची अपेक्षा करावी : शिकलेले शुद्ध म्हणणे व त्याचा मराठी अर्थ सांगणे. पाच वर्षांच्या आतील भिक्खूला एकट्याला विहाराचा कारभार सोपवू नये. तो कोणाच्या आश्रयाने राहतो, हे आदरपूर्वक विचारावे. शिष्य करणाऱ्याला त्याची वर्षे व त्याचे अध्ययन दोन्ही विचारण्यात अनादर नाही. आणि सर्वांकडून, स्थविरांकडूनही, प्रवारणेची अपेक्षा करावी. आश्विन पौर्णिमेला, उचल घेतलेली कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी, तीन महिन्यांत सांगितलेल्यापैकी काय समजले व काय समजले नाही, हे भिक्खूने उपासकांना विचारावे. विनयातील प्रवारणा संघापुरती आहे हे खरे. पण तिचा भाव विहाराच्या अंगणापर्यंत आणण्यास विनयाची आडकाठी नाही.

उदायीला भगवंतांनी धम्मकथनाची पाच पथ्ये सांगितली होती : क्रमाने सांगावे, कारण देऊन सांगावे, करुणेने सांगावे, लाभासाठी सांगू नये, स्वतःला वा दुसऱ्याला दुखवून सांगू नये. यांत वर्षांचा उल्लेख नाही. वर्षे अधिकार देतात; ही पाच पथ्ये अधिकाराला अर्थ देतात. ज्या गावात भिक्खूंची वाट पाहण्यात दोन पिढ्या गेल्या, तेथे येणारा प्रत्येक चीवरधारी लोकांना प्रिय वाटणे स्वाभाविक आहे. त्या प्रेमाची परतफेड लांब भाषणाने होत नाही. समोर बसलेल्या माणसाचा प्रश्न कोणता आहे हे ओळखून, त्याच्या बोलीत, त्याला उद्या शेतात वा फडात उपयोगी पडेल असे एक वाक्य सांगता आले, तर त्या दिवशी त्या भिक्खूला वाणी प्राप्त झाली असे समजावे.